खांदेरीचा समुद्र टेबलावर मांडताना

आजचा धागा लढाईचा आहे. पण त्याची सुरुवात एका जुन्या निळ्या चादरीपासून होते.

दिवाळीनंतर वसतिगृहाच्या खोलीत मी १६७९ची खांदेरीची लढाई टेबलावर मांडली. सहा फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी, तिच्यावर चादर, एम-सीलची दोन बेटे आणि पुठ्ठ्याची गलबते. प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी बेटावर तटबंदी उभारत होते, दौलतखानाचे आरमार त्यांच्या पाठीशी होते आणि मुंबईकर इंग्रज ही रसद तोडण्यासाठी वेढा घालून बसले होते.

पहिले तिन्ही डाव इंग्रजांनी जिंकले. समोर बसलेला मित्र म्हणाला, “मराठ्यांच्या तोफांचा मारा वाढव की!” खरे सांगतो, मोह झाला. परंतु १८ ऑक्टोबरच्या झुंजीत ‘डोव्हर’ ही गुराब शरण आल्यावरही एकट्या ‘रिव्हेंज’ फ्रिगेटने चाळीस-पन्नास मराठी गलबतांना थोपवले आणि नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत मागे रेटले, असे इंग्रजी नोंदी सांगतात. हे वाचायला आपल्याला आवडत नाही. तोफांचे नियम मात्र बरोबर होते. चूक होती ती चादरीत. तिच्यावरचा समुद्र सर्वत्र सारखाच खोल होता आणि तिथे कधी रात्र होतच नव्हती.

मग सारे पुन्हा मांडले. प्रथम प्रमाण. गलबते साधारण १:१२०० मापाची होती. समुद्रही त्याच मापाने आखला असता, तर किनाऱ्यापासून खांदेरीपर्यंतच्या सुमारे पाच किलोमीटरांना चार मीटरांहून लांब टेबल लागले असते. म्हणून अंतरासाठी एक सेंटिमीटर म्हणजे चाळीस मीटर असे वेगळे प्रमाण धरले. बेट किनाऱ्यापासून सव्वाशे सेंटिमीटरांवर आले आणि चारशे मीटरांचा तोफेचा पल्ला दहा सेंटिमीटरांत बसला. गलबते त्यामुळे अवाढव्य दिसतात. अंतर डोलकाठीपासून डोलकाठीपर्यंत मोजले की भागते.

चादर काढून फळीच रंगवली, तीही निळी नव्हे. थळचा समुद्र ज्याने पाहिला आहे, त्याला तो गढूळ राखाडीच आठवेल. किनाऱ्यालगत आणि खडकांभोवती तपकिरी फेल्टच्या पट्ट्या ठेवल्या: हे उथळ पाणी. ओहोटीला पट्टी रुंद करायची, भरतीला अरुंद. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. त्यामुळे सकाळी ज्या जागी फ्रिगेट निर्धास्त उभी असते, तिथेच दुपारी तिचा तळ रुतू शकतो. पट्टीवर वल्ह्यांची हलकी गलबते जातील, फ्रिगेट जाणार नाही. वाऱ्यासाठी पुठ्ठ्याचा बाण केला: पहाटे मतलई, दुपारनंतर खारे वारे. (छताचा पंखा या नियमाला जुमानत नाही, तो बंदच ठेवावा लागतो.)

सर्वांत अवघड होती रात्र. इथे दुसऱ्या महायुद्धातील लिव्हरपूल मदतीला आले. तिथे ब्रिटिश नौदलाने १९४२मध्ये जमिनीवर आखलेल्या समुद्रावर पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच पारखले. खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना पडद्याआड उभे करत आणि फटीतून तेवढेच दाखवत, जेवढे त्यांना खऱ्या समुद्रात दिसले असते. माझ्याकडे पडदा नव्हता, पत्त्यांचा जुना जोड होता. अंधार पडला की मराठी बाजू पालथी पाने सरकवते. काहींखाली रसदेची होडी असते, काहींखाली काहीच नसते.

चौथ्या डावात मित्राने, म्हणजे इंग्रजांनी, दिवसाची झुंज पुन्हा जिंकली. रात्री तो तीन रिकाम्या पानांमागे धावला. उजाडले तेव्हा धान्याच्या दोन होड्या तपकिरी पट्टीच्या कडेने बेटाला लागल्या होत्या. तो बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “मग इंग्रजांनी करायचे तरी काय होते?” प्रत्यक्षात त्यांनी १६८०च्या आरंभी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. एम-सीलच्या बेटाने यातले काही सिद्ध केले, असा माझा दावा नाही. पण हा प्रश्न चादरीवर कुणी विचारला नव्हता.

उंदेरी अजून रिकामी आहे. जानेवारी १६८०मध्ये सिद्दी कासमने ती घेतली आणि तिथे तोफा आणल्या. त्या तोफा मी अद्याप बनवलेल्या नाहीत. रविवारी आगपेटीच्या काड्या घेऊन बसणार आहे.