नाचणगाव ते बर्फावरची धावपट्टी

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातले आमचे नाचणगाव पुलगावला इतके चिकटून आहे की परगावचा माणूस दोन्हींत फारसा फरक करत नाही. जवळून वर्धा नदी वाहते, तिच्यापलीकडे अमरावती जिल्हा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. बर्फ म्हणाल तर रमजानमध्ये सरबताच्या गाडीवर दिसतो तेवढाच. अशा गावात बर्फावर उतरणाऱ्या विमानांची चर्चा व्हावी, याचे आम्हालाही नवल वाटले.

आमच्या शाळेत शिकलेला आणि पुढे आयटीआय करून डिझेल मेकॅनिक झालेला एक मुलगा अंटार्क्टिकाला जायचे म्हणतो. तिथल्या भारतीय ठाण्यांवर शास्त्रज्ञांखेरीज जनरेटर सांभाळणारे, गाड्या दुरुस्त करणारे, स्वयंपाक करणारेही लागतात. त्यांतल्या काहींना हिवाळाभर तिथेच राहावे लागते. मुलगा तयार आहे, आई नाही. आपांनी आम्हाला घरी बोलावले, चहा दिला आणि सरळ विचारले, "सर, जहाज म्हणे बर्फावर उतरतं. बर्फ फुटला तर?"

दिवाळीच्या सुटीत गोव्याला जायचे ठरलेलेच होते, म्हणून वास्कोपर्यंत गेलो. तिथे सडा नावाच्या टेकाडावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांची व्यवस्था तेच पाहते. जवळच मुरगाव बंदर. 6 डिसेंबर 1981 रोजी याच बंदरातून 'पोलर सर्कल' हे भाड्याचे जहाज भारताची पहिली मोहीम घेऊन निघाले. त्या वेळी फार गाजावाजा केला नव्हता, बेत गुप्तच ठेवला होता. मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादचा जन्म, अलीगढचे शिक्षण, समुद्रजीवांचा अभ्यास. पुढे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरूही झाले. 9 जानेवारी 1982 रोजी ही तुकडी अंटार्क्टिकावर उतरली. आमच्या वर्गातल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे घडाघडा येतात, कासिम साहेबांचे नाव एकालाही ठाऊक नव्हते. आता आहे.

आता आपांचा सवाल. बर्फ फुटण्याची भीती मुख्यतः गोठलेल्या तलावांवर असते. कॅनडा आणि अलास्कात हिवाळ्यात शेकडो तलाव गोठतात आणि चाकांच्या जागी स्की, म्हणजे लांब घसरपट्ट्या लावलेली छोटी विमाने त्यांवरून ये-जा करतात. स्वच्छ निळसर बर्फ साधारण 10 सेंटिमीटर जाड झाला की माणूस त्यावरून चालू शकतो; मोटारीला त्याच्या दुप्पट-तिप्पट जाडी लागते. पांढुरका बर्फ मात्र त्याच जाडीचा असला तरी निम्माच भार पेलतो. शिवाय एकाच तलावात जाडी सगळीकडे सारखी नसते. जिथे ओढा येऊन मिळतो तिथे पाणी हलते राहते आणि बर्फ पातळ राहतो. वरून पडलेले हिम गोधडीसारखे काम करते; त्याखाली बर्फ लवकर जाड होत नाही. कधी भेगांतून पाणी वर येऊन हिमाखाली चिखल साचतो. वरून सगळे पांढरेशुभ्र, आणि उतरलेले विमान त्या चिखलात रुतून बसते. म्हणून जाणता वैमानिक एकदम थांबत नाही. स्की नुसत्या टेकवतो, पुन्हा वर उडतो आणि मागे उमटलेली रेघ पाहतो. रेघ काळपट पडली तर खाली पाणी आहे, तिथे उतरायचे नाही. थांबल्यावर स्कीखाली फळ्या किंवा फांद्या सरकवाव्या लागतात, नाहीतर रात्रीत त्या बर्फाला चिकटतात. इंजिनावर पांघरूण घालून ते सकाळी तापवावे लागते. पंखांवरचा दहिवर्‍याचा पातळसा थरही साफ करावाच लागतो, कारण तेवढ्यानेही विमान उचलत नाही. स्कीला ब्रेक नसतो, हे आणखी वेगळेच.

अंटार्क्टिकाचा मामला निराळा आहे. आपल्या 'मैत्री' ठाण्याच्या परिसरात शंभराहून अधिक तलाव आहेत. त्यांतल्या प्रियदर्शिनी तलावाचे पाणी ठाण्याला मिळते. पण केपटाऊनहून येणारे मोठे मालवाहू विमान तलावावर उतरत नाही. ते नोव्हो नावाच्या धावपट्टीवर, शेकडो मीटर जाड हिमनदीच्या कडक बर्फावर चाकांनीच उतरते. तिथून मैत्री जवळच आहे. म्हणजे मैत्रीला जाणाऱ्याला स्कीच्या विमानात बसावे लागतेच असे नाही. आपले दुसरे ठाणे 'भारती' मात्र तिथून सुमारे 3000 किलोमीटरवर आहे. तिकडे हवाईमार्गे जायचे तर स्की लावलेले बासलर विमान असते.

हे बासलर म्हणजे दुसरेतिसरे कुणी नाही, जुने डाकोटाच! सांगाडा जुना, तो थोडा लांबवून नवी टर्बाइन इंजिने बसवलेली. 1949 साली रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री आपल्या नागपुरात भेटत, थैल्या बदलून पहाटेपर्यंत परत जात. त्याच जातीची विमाने आज दक्षिण ध्रुवाकडे चालतात, हे वाचून आम्हाला उगाचच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

धोका नाही असे आपांना सांगितले नाही. 23 जानेवारी 2013 रोजी दक्षिण ध्रुवाहून निघालेले स्कीचे ट्विन ऑटर विमान माउंट एलिझाबेथवर आदळले आणि त्यातले तिन्ही कॅनेडियन कर्मचारी मरण पावले. तिथे बर्फ फुटला नव्हता. ढग आणि पांढरी जमीन एक झाली की आकाश कुठे संपते तेच कळत नाही, उंचीचा अंदाज चुकतो. म्हणून तिथे हवा बिघडली की दिवसेंदिवस ताटकळत बसावे लागते. "मुलगा फोनवर सांगेल की उड्डाण पुढं ढकललं, तेव्हा घाबरू नका, शुक्र करा," असे आम्ही म्हणालो.

आपा थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डेपोच्या शेजारी आयुष्य काढलं आम्ही." 31 मे 2016 च्या रात्री पुलगावच्या दारूगोळा डेपोत आग लागली, स्फोटांनी आसपासची गावे हादरली आणि आग विझवायला गेलेले कित्येक जवान परत आले नाहीत. त्या रात्रीबद्दल आपा सहसा बोलत नाहीत. मुलाने मात्र तेवढ्यात विषय बदलून, सहा महिने सूर्य मावळला नाही तर नमाजच्या वेळा कशा पाळायच्या, असे विचारले. मैत्रीवर सहा महिने नव्हे, उन्हाळ्यात दोनेक महिनेच तसे होते, हे आम्ही दुरुस्त केले; वेळांसाठी मौलाना साहेबांकडे पाठवले.

अजून बरेच बाकी आहे. निवड झाली तर दिल्लीत कसून वैद्यकीय तपासणी, मग उत्तराखंडातल्या औलीला हिमात राहण्या-चालण्याचे प्रशिक्षण. आपांनी होकार दिलेला नाही. अर्जाला लागणारे दाखले मात्र कपाटातून काढून त्यांनीच मुलाच्या हातात दिले आहेत.