हाताने फिरणारा पाळणा

अंबरनाथच्या महाशिवरात्रीच्या जत्रेतला लाकडी हातपाळणा कधी गेला, याची नोंद कुणी ठेवली नाही. दोन खांब, मधे आडवा कणा, त्यावर टांगलेल्या चार पेट्या. मोटर नव्हती. एक माणूस तो फिरवायचा. समोर आलेली पेटी धरून जोराने खाली ओढायची, सोडायची, तोवर मागची हाताशी आलेली असायची.

खरं कसब त्याआधीचं. समोरासमोरच्या पेट्यांत वजन सारखं नसलं तर पाळणा जड बाजूला अडतो आणि सगळा भार फिरवणाऱ्याच्या खांद्यावर येतो. म्हणून तो रांगेवरून एकदा नजर फिरवायचा. ‘ताई, तुम्ही इकडे. ही दोन पोरं समोर बसू द्या.’ एका पेटीत उपवासाची आजी नातवाला घेऊन, तिच्यासमोर उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराची मुलं. तिसरीत विम्कोच्या काडेपेटी कारखान्यातलं जोडपं, चौथीत बदलापूरहून लोकलने आलेली पोरं. फाळणीत घरदार सोडून आलेल्यांच्या कल्याण कॅम्पाचं 1949 साली उल्हासनगर झालं. ती माणसं आणि इथली माणसं एकाच कण्यावर एकमेकांना तोलून धरत होती. या तीन गावांत असं दुसरं काही मला आठवत नाही.

हे चक्र जुनं आहे. आज बल्गेरियात असलेल्या प्लोवदिवमध्ये, तेव्हाच्या तुर्की मुलखात, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1620 साली असाच पाळणा पाहिला आणि लिहून ठेवला. पुढे 1893 साली शिकागोत जॉर्ज फेरिसने 264 फुटांचं लोखंडी चक्र उभारलं. 36 डबे, एकेकात 60 माणसं, फिरवायला वाफेचं इंजिन. जगभर चक्राला त्याचं नाव लागलं. आमच्या पाळणेवाल्याचं नाव त्याच्या रांगेतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

वरच्या पेटीतून दुकानांच्या कनातींपलीकडे शिवमंदिराचं भंगलेलं शिखर दिसायचं. शके 982 च्या, म्हणजे 1060 सालच्या तिथल्या लेखात शिलाहार राजाचं नाव आहे. दगड घडवणारे हात निनावीच राहिले. देवळाशेजारची वालधुनी नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळी पडली, तेव्हा निदान लोक तिच्यासाठी भांडले. पाळण्यासाठी कोण भांडणार? त्याच्या जागी लोखंडी आकाशपाळणे आले, टोराटोरा आला, रोषणाई आली. पोरांना ते आवडतात, आवडोत. पण तिथे बटणापाशी बसलेल्या माणसाला वरचा चेहरा दिसत नाही.

हातपाळणेवाल्याला तो दर फेरीला दिसायचा. एखादं पोर घाबरून रडलं की तो पेटी छातीवर अडवायचा, पाळणा थांबवायचा, पोराला उचलून आईकडे द्यायचा. मग त्या पेटीचं वजन कमी पडलं म्हणून बाजूला नुसतंच बघत उभं असलेलं, खिशात पैसे नसलेलं एखादं पोर हाताला धरून तिथे बसवायचा आणि पुन्हा जोर लावायचा.