लग्न हे औषध नव्हे

समर्थांच्या या जन्मगावी, जांब समर्थला, माझा दवाखाना आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. “डॉक्टरसाहेब, ह्याला पोरींत रस नाही. लगीन लावलं तर सुधरंल का?” मी म्हणालो, “लावून पाहा.” जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली होती, मला ते ठाऊक नव्हते. वर्षभरात सून माहेरी परतली. दोन आयुष्यांचा तो दोष माझ्या पदरी आहे.

मुलगा पुण्याला गेला. तेथे २०११ साली समपथिक ट्रस्टच्या पुढाकाराने पहिली अभिमान पदयात्रा निघाली होती; २०१६ मध्ये नागपुरातही निघाली. कलम ३७७ची टांगती तलवार सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर केली. त्यानंतर गावी आलेला तो मला म्हणाला, “काका, त्या गर्दीत चाललो, तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.”

आता असे पालक आले की मी सांगतो : हा आजार नाही, म्हणून औषधही नाही. ‘बरे करण्याचे’ उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवले आहेत. मुलाची झोप, भूक, एकटेपणा यांकडे लक्ष द्या. तो खचला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या; पण त्या खचण्यासाठी, त्याच्या स्वभावासाठी नव्हे.