अंगठा कुठे थांबतो

तंत्रज्ञानाच्या बातमीची अडचण अशी की ती सर्वांत आधी सांगण्याचा मान आता बातमीदाराकडे क्वचितच उरतो. नवा फोन आणणारी कंपनी स्वतःच समारंभाचे थेट प्रक्षेपण करते आणि तो संपेपर्यंत किंमत, कॅमेरा व बॅटरीचे आकडे वाचकाच्या हाती पडलेले असतात. अशा वेळी वाचकाने तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाकडे यावे कशासाठी, याचे उत्तर मजकूर आणि मांडणी यांचा वेगवेगळा विचार करून सापडत नाही, कारण कोणती बातमी वर ठेवायची, कोणती दोन ओळींत संपवायची आणि कोणत्या बातमीला पूर्ण पडदा द्यायचा, हे पान लावणाऱ्याचे निर्णय जितके संपादकीय तितकेच दृश्य असतात.

अमेरिकेतील ‘द व्हर्ज’ हे १ नोव्हेंबर २०११ रोजी सुरू झालेले संकेतस्थळ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने आपले मुखपृष्ठ, म्हणजे संकेतस्थळ उघडताच दिसणारे पहिले पान, मुळापासून बदलले. ठरीव चौकटींच्या जागी वरून खाली वाहणारा प्रवाह आला आणि त्यात पूर्ण लेखांच्या जोडीला दोन-चार वाक्यांच्या नोंदी दिसू लागल्या: एखादा दुवा, त्यावर बातमीदाराचे एखादे तिरकस वाक्य, कधी तर चक्क दुसऱ्या प्रकाशनाच्या बातमीकडे दाखवलेले बोट. प्रतिस्पर्ध्याची बातमी आपल्या पहिल्या पानावर लावणे छापील वृत्तपत्राच्या संपादकाला सहज पचले नसते. मुख्य संपादक निलय पटेल यांच्या या निर्णयामागे मात्र रोकडा हिशेब होता, कारण बातमीदार जे चुरचुरीत लेखन ट्विटरवर करत होते, ते स्वतःच्याच पानावर झाले, तर शोधयंत्र किंवा समाजमाध्यम मध्ये न घेता वाचक सरळ दारात येईल. जाड अक्षरे आणि भडक रंग अनेक जुन्या वाचकांना रुचले नाहीत, पण दिवसातून चार वेळा पान उघडावेसे वाटायला तिथे दर वेळी काहीतरी नवे असावे लागते, आणि छोट्या नोंदींनी नेमके तेच साधले.

वाचकाला धीर नसतो, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्स टेक्निका’वर जॉन सिराक्युसा यांनी मॅक ओएस टेनच्या आवृत्त्यांची २०१४ पर्यंत केलेली परीक्षणे अनेक पानांची, छोट्या पुस्तकाएवढी असत, आणि वाचक त्यांची वाट पाहत. फाइलप्रणाली, म्हणजे संगणकाची माहिती साठवण्याची शिस्त, यावर कुणी इतक्या विस्ताराने लिहील आणि ते आवडीने वाचले जाईल, असे कोणत्याही विपणनतज्ज्ञाने सांगितले नसते.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’वर पहिल्या पट्टी-जाहिराती झळकल्या, तेव्हापासून पानाचा मालक कोण हा झगडा चालू आहे. वाचक दुव्यावर अंगठा टेकवणार, तेवढ्यात वरून उशिरा उतरलेली जाहिरात सगळा मजकूर खाली ढकलते आणि अंगठा जाहिरातीवर पडतो. या हेलकाव्याचे गूगलने २०२० मध्ये मोजमाप ठरवले आणि ०.१ पर्यंतचा गुणांक चांगला मानला. उपाय अगदी साधा आहे: जाहिरात येण्याआधीच तिच्या उंचीची जागा मोकळी राखून ठेवायची. तरीही तो टाळला जातो, कारण चुकून पडलेला अंगठाही हिशेबात क्लिक म्हणूनच मोजला जातो. याला दुर्लक्ष म्हणणे फार सौम्य ठरेल.

मराठीत हीच कामे करताना लिपीचा प्रश्न आधी उभा राहतो. रोमन अक्षरांसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर देवनागरीला जसेच्या तसे लावले, तर वरच्या ओळीतल्या ‘मूल्य’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या रफारावर जाऊन आदळतो. इंग्रजी मथळ्यात ऐट आणण्यासाठी अक्षरांमध्ये थोडी मोकळीक सोडतात; तीच आज्ञा मराठी मथळ्याला लागू झाली, की शिरोरेषा ठिकठिकाणी तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’सारखा चांगला फाँट विनामूल्य मिळत असताना हे घडते, तेव्हा दोष साधनांचा राहत नाही, मराठी पान कुणी मराठी डोळ्यांनी तपासलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मथळ्याचेही तसेच. ‘हा फोन पाहून थक्क व्हाल’ या मथळ्यात फोनचे नाव, किंमत आणि थक्क होण्याचे कारण तिन्ही दडवलेले असतात, यालाच क्लिकबेट, म्हणजे क्लिकसाठी लावलेले आमिष, म्हणतात. ‘बॅटरी मोठी, पण चार्जर वेगळा घ्यावा लागेल’ हा मथळा अर्धी बातमी आधीच देऊन टाकतो; काही वाचक तेवढ्यावर परततीलही, मात्र उद्या चार्जर घेताना त्यांना आठवण याच पानाची होईल.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘द व्हर्ज’ने महिना ७ डॉलरची वर्गणी सुरू केली, तेव्हा पैसे मागितले ते परीक्षणे आणि विस्तृत लेखन यांसाठी, मुखपृष्ठ आणि त्यावरच्या छोट्या नोंदी सर्वांसाठी खुल्याच ठेवल्या.