मोझरीपासून समुद्र किती लांब?

गुरुकुंज मोझरीत पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी वर्धेला मिळतो. ते पाणी कौंडण्यपूरचा घाट मागे टाकतं, पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होतं, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरतं आणि बंगालच्या उपसागरात उतरतं. आमच्याच जिल्ह्यात पश्चिमेला, दर्यापूरकडे कोसळलेली सर पूर्णेची वाट धरते. अकोला जिल्हा ओलांडून चांगदेवला तापीत, आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्रात. एका जिल्ह्याचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं. हे उमगल्यापासून वऱ्हाड मला कोरडं वाटेनासं झालं.

समुद्र आतून पाहिला तो मात्र मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली, पाठीवर सिलिंडर चढला आणि वरचा सगळा गलबला एका क्षणात मिटला. श्वास घेतला की शरीर वीतभर वर उचललं जाई, सोडला की हलकेच खाली. समोरच्या खडकावर पिवळसर तपकिरी प्रवाळ होतं. जवळून पाहिलं तर त्यावर बारीक बारीक तोंडं, आणि प्रत्येक तोंड म्हणजे एक जीव. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला रंग देतं, अन्नही देतं. पाणी आठवड्यांमागून आठवडे अंशभर जरी जास्त तापलं, तरी हे शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरंफटक होतं. एप्रिल 2024 मध्ये जगभरातली अशी चौथी मोठी आपत्ती जाहीर झाली. असं प्रवाळ कित्येकदा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. फोटोसाठी त्यावर टेकवलेला एक पाय किती वर्षं मोडतो, याचा हिशेब आपणच करावा.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं. प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. तरी माशांचा घोळका जमावा म्हणून पाण्यात पाव सोडतात, खडकावर नांगर टाकतात. मला हे फार लागतं.

तिथे खाली मला मोझरीचीच आठवण येत राहिली. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, अफाट जनसमुदाय मौन उभा राहतो. कुणी कुणाला ढकलत नाही, कुणाचा हात कशाला लागत नाही. पाण्याखाली माणसाने असंच असावं असं मला वाटतं: हात स्वतःपाशी, श्वास सावकाश, आणि समोर जे आहे ते जिथल्या तिथे. महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज उभारलं आणि गावोगाव लोकांना झाडू हाती घ्यायला लावला. त्या सफाईत मी समुद्रही धरते. महामार्गावरच्या टपरीशी फेकलेली खर्र्याची पन्नी, पाण्याचा पाऊच पहिल्या मोठ्या पावसात नाल्यात जातो, आणि नाला कुठे जातो ते वर सांगितलंच आहे.

दिवाळीच्या सुटीत मालवणला जाल तेव्हा होडीवाल्या दादांना आधीच सांगा, 'पाव टाकू नका, नांगर वाळूत टाका किंवा होडी बोयाला बांधा.' अंगाला सनस्क्रीन चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पोशाख घाला. आणि निघण्याआधी आपल्या गावचा नाला एकदा साफ करा.