टाकलेल्या पाठाची नोंद

मराठी वाचकाला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. आचाऱ्यास धाडावयाचा निरोप आचार्यास गेला तर पंगतीचे काय होईल, हेही तो जाणतो. रफार आणि आडव्या रेघेचा अर्धा र यांवर एवढा अर्थभार आहे. संगणकाने हा भेद कसा राखावा, हे मात्र कोणाला तरी ठरवावे लागले.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने १९९१ साली देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय प्रणालीवरून घेतली. आज तीत हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: टिंबाच्या ऱ ला हलन्तचिन्ह जोडून, किंवा साध्या र ला हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य सांधचिन्ह जोडून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. संगणकाच्या लेखी ती भिन्न असतात. एकाच अक्षराला दोन वाटा कशासाठी? उत्तर प्रमाणग्रंथातच नोंदलेले आहे: पहिली इस्कीशी सुसंगती राखण्यासाठी, दुसरी १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून.

अशी नोंद हाताशी नसली म्हणजे काय होते, याची कल्पना करता येते. एखाद्या ग्रंथसंग्रहाची शोधप्रणाली नव्या माणसाच्या हाती येते; मूळ कर्ते केव्हाच पांगलेले असतात. एका अक्षरासाठी दोन नियम पाहून तो एकाला पुनरुक्ती समजतो आणि काढून टाकतो. काही मोडत नाही, कोणी तक्रार करीत नाही. पुढे कोणी अभ्यासक एखाद्या कवीच्या संहितेत ‘दऱ्या’ शोधतो, यंत्र ‘नाही’ म्हणते, आणि कवीने हा शब्द वापरलाच नाही, असे विधान प्रबंधात जाऊन बसते.

प्रणाली काय करते हे तिच्या आज्ञावलीत वाचता येते. तसेच का ठरले, हे तेथे उमटत नाही. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ साली विचारात घेऊन सोडलेले पर्याय आणि ते सोडण्याची कारणेही लिहून ठेवावीत, असा आग्रह धरला. २०११ साली मायकेल नायगार्ड यांनी त्यासाठी साधी रीत सुचविली: प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाचे एक लहानसे टिपण असावे, आणि त्यात परिस्थिती, निर्णय, त्याची सद्यःस्थिती व परिणाम यावेत. निर्णय पुढे बदलला तरी जुने टिपण पुसावयाचे नाही. त्याची जागा दुसऱ्याने घेतली, एवढेच त्यावर लिहावयाचे.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही शिस्त परकी वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठ वर, तर अस्वीकृत पाठभेद तळाशी छापलेले आहेत. जेथे संपादकाची खात्री नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेषा आहे. आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत वि. सी. सुखठणकरांनी पाठनिवडीची तत्त्वे मांडली आहेत. म्हणूनच त्यांच्याशी मतभेद असणारा अभ्यासक त्याच पानावरील सामग्री घेऊन वेगळा निर्णय करू शकतो.

निर्णयाच्या दिवशी ही नोंद अनावश्यकच भासते, कारण कारणे सर्वांना तोंडपाठ असतात. ज्याला तिची गरज भासणार असते, तो त्या बैठकीत नसतो. टिपण लिहावयाचे ते त्याच्यासाठी.