मोज्यांचं पान

दर डिसेंबरमध्ये दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, एवढ्या थंडीत मुलाला बाहेर खेळायला सोडू का?" तुम्हीही कधीतरी विचारला असेल. माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं, "कशाला उगीच? चार दिवस घरातच खेळू दे." औषध लिहिता लिहिता, मान वर न करता दिलेलं उत्तर. ते बदललं एका चित्रपुस्तकामुळे.

माझी भाची न्यू जर्सीत असते. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी तिच्याकडे तीन आठवडे राहिलो. तिचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. सर्दी झाली की त्याच्या छातीत घरघर सुरू व्हायची. माझी ताई, म्हणजे त्याची आजी, सहा महिन्यांसाठी तिकडेच होती. बाहेर बर्फ पडला की हा खिडकीला नाक लावून उभा, आणि ताई कानटोपी घेऊन त्याच्या मागे. तीही घरातल्या घरात! भाचीचं म्हणणं, सोडू या. ताईचं म्हणणं, अजिबात नको. शेवटी दोघी माझ्याकडे वळल्या. "तू डॉक्टर आहेस ना, मग सांग हिला," हे दोघींचंही वाक्य.

मी काही सांगण्याआधी नातवानेच लायब्ररीतून आणलेलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. 'द स्नोई डे', लेखक-चित्रकार एझ्रा जॅक कीट्स. पुस्तक 1962 सालचं. शहरातल्या पीटर नावाच्या एका कृष्णवर्णीय मुलाची ही गोष्ट, आणि 1963 मध्ये तिला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. गोष्ट एवढीशीच. पीटर सकाळी उठतो तर बाहेर बर्फ. लाल रंगाचा जाड सूट घालून तो बाहेर पडतो, पावलांचे ठसे उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, बर्फाचा माणूस करतो. मोठी मुलं बर्फाचे गोळे मारून खेळत असतात, पण त्यांच्यात शिरायला आपण अजून लहान आहोत हे त्याला कळतं. मग तो उबदार घरी येतो, आई त्याचे ओले मोजे काढते आणि तो टबात बसून दिवसभराची मजा आठवत राहतो.

माझ्यातला डॉक्टर त्या मोज्यांपाशी अडला. थंडीत खेळण्याचं जे शास्त्र मी पालकांना दहा मिनिटं समजावलं असतं, ते त्या चित्रांत आलं होतं. नीट कपडे घालून बाहेर जायचं, हालचाल करत खेळायचं, झेपेल तेवढंच करायचं, ओलं झालं की आत यायचं आणि आधी ओले कपडे काढायचे. आम्ही मग त्याचा खेळच केला. पान उलटलं की मी विचारायचो, "आता पीटरचे पाय ओले झाले असतील का? त्याच्या बोटांना काय वाटत असेल?" दोन दिवसांत तो मलाच विचारायला लागला. लहान मुलाला "थंडी बाधेल" म्हटलेलं कळत नाही, ओला मोजा कळतो.

आता ताईच्या भीतीबद्दल. थंड हवेने सर्दी 'होत' नाही, ती विषाणूंमुळे होते. हिवाळ्यात सर्दी-खोकला वाढतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपण सगळे दारं-खिडक्या बंद करून एकाच हवेत बसतो. पण ताई अगदीच चूक नव्हती. थंड नाकात सर्दीचे काही विषाणू अधिक जोमाने वाढतात, आणि ज्या मुलांना दमा किंवा घरघर आहे त्यांच्या श्वासनलिका थंड, कोरड्या हवेत पळापळ केल्यावर आवळू शकतात. अशा मुलांना डांबून ठेवायचं नसतं, तयारीने पाठवायचं असतं. आमच्या नातवाला खेळण्याआधी घ्यायचा पंप त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला होता, तो दिला. नाका-तोंडावर येईल असा विणलेला गळपट्टा डोक्यातून घातला. लांब मफलर मुद्दामच टाळला, खेळताना तो घसरगुंडीत वगैरे अडकून गळ्याला फास बसू शकतो. शिवाय एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, आणि अंगालगत सुती नको, कारण सुती कापड ओलं झालं की ओलंच राहतं आणि अंगातली ऊब काढून घेतं.

एवढं सगळं मी ताईला समजावलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच चुकलो.

आम्ही अंगणात बर्फाचा माणूस करत होतो. खरं तर मीच करत होतो. नाशिकच्या माणसाला एवढा बर्फ मिळाल्यावर दुसरं काय होणार? फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं चालू होतं. नातू जवळ येऊन म्हणाला, "मामाआजोबा, मोज्यांचं पान आलं." मी म्हटलं, "थांब रे, एक फोटो." तो थांबला नाही. हातमोजा ओढून काढला आणि हात पुढे केला. हातमोजा आतून ओला होता. दोन बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती आणि त्यांना माझा स्पर्श कळत नव्हता.

आत पळालो. ताईने लगेच बोटं चोळायला घेतली आणि हीटरकडे न्यायला लागली. दोन्ही थांबवलं. गारठलेली कातडी चोळली तर तिला इजा होते, आणि बधिर बोटाला चटका बसला तरी कळत नाही. कोमट पाण्यात, म्हणजे आपल्या कोपराला सुखद वाटेल एवढ्याच पाण्यात, हात बुडवून ठेवले. काही मिनिटांत गुलाबी रंग परत आला, मग मुंग्या आल्या आणि तो रडला. ते रडणं ऐकून मला हायसं वाटलं. संवेदना परत आली होती. फोड आला असता किंवा रंग परतला नसता तर थेट रुग्णालय गाठावं लागलं असतं. मूल थरथरून सुस्तावलं, अडखळायला किंवा बरळायला लागलं तरीही तसंच, क्षणाचाही उशीर नको.

डॉक्टर मी, आणि वेळेवर ओळखलं पाच वर्षांच्या पोराने. त्याला खूण ठाऊक होती म्हणून.

आपल्याकडे बर्फ नाही, पण निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा हाच प्रश्न येतो. आता मी पेन खाली ठेवून सांगतो, सोडा खेळायला. स्वेटर घाला, घामाने किंवा दवाने ओला झाला की बदला. उलट मला जास्त भीती वाटते ती बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून मुलांना उबेत झोपवण्याची. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. हे मात्र कृपा करून कधीही करू नका.

ताईचं सांगायचं राहिलं. मी निघायच्या आदल्या रात्री ती नातवाला तेच पुस्तक दाखवत होती. इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा, म्हणून चित्रं बघून मराठीत गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीत पीटरची आई मोजे काढता काढता त्याला आधी दोन शब्द सुनावते आणि मग हळदीचं दूध देते. पुस्तकात असं काही नाही हे नातवाला पक्कं ठाऊक होतं. तरी तो "पुन्हा सांग" म्हणत होता.